पावणेसातची भिंगरी

२४ ऑगस्ट, रविवार
पावणेसात. आज संध्याकाळीही तेच. भिंगरी दिवाणाखालून सुटली ती स्वयंपाकघर, मोरी, दार, परत दिवाण. कान मागे, शेपूट दाबलेली, डोळे भलतीकडेच. आठ फेऱ्या. पाण्याची कळशी आडवी केली आणि मग मधोमध धपकन बसून माझ्याकडे बघत राहिली, पसारा जणू मीच घातला होता. पाच महिन्यांचं कुत्र्याचं पिल्लू, पण घर उलथंपालथं करायला पुरेसं आहे.
शेजारच्या चव्हाणवहिनी दारात आल्या. दुःखाच्या घरात असा धिंगाणा बरा दिसत नाही म्हणाल्या. राग आला. नंतर वाटलं, खोटं काय बोलल्या.
सा. ला जाऊन अडीच महिने. नाव पूर्ण लिहायला घेतलं की हात थांबतो. बालवाडीत पंचवीस पोरांची नावं रोज हजेरीत लिहिते, पोटच्या पोराचं लिहवत नाही.

२७ ऑगस्ट, बुधवार
चतुर्थी. यंदा गणपती भाऊजींकडे बसवला. आरतीला कोणी बोलावलं नाही, बरं केलं.
गावी मामांचा कुत्रा असाच गोल गोल पळायचा. पिसाळला म्हणून लोकांनी काठ्या घेतल्या. मी तेव्हा आठ वर्षांची. भिंगरी पळायला लागली की अजून तेच डोळ्यांपुढे येतं. ह्यांना सांगितलं, डॉक्टरला दाखवा. हे म्हणाले, काही झालेलं नाही तिला.

३० ऑगस्ट, शनिवार
शेवटी मीच घेऊन गेले. जनावरांची डॉक्टर म्हणजे कोवळी पोरगी. हसली. आजार वगैरे काही नाही काकू, लहान कुत्र्यांना असा जोर येतो, दिवसभर साठलेलं पाच मिनिटांत निघतं. मोठी झाली की आपोआप कमी होईल.
डबा खाल्ल्यावर माझी बालवाडीतली पोरंही अशीच सुटतात. ते मला कळतं. तरी रोज पावणेसातलाच का? रिक्षात बसल्यावर कळलं. सा. ची ऑफिसची गाडी सातला यायची. ऐरोलीची रात्रीची शिफ्ट. बूट घालायच्या आधी फरशीवर दोन थापा मारायचा, ‘पळ, भिंगरे,’ म्हणायचा. ऑफिसखालच्या टपरीपाशी सापडलेली ही, बॅगेतून घरी आणली होती. जेमतेम महिनाभर त्यांचा हा खेळ चालला.
तो गेला. हिचं घड्याळ तसंच चालू आहे.

२ सप्टेंबर, मंगळवार
हे मार्केटातून ओझी उचलून येतात. चहा घेतात. आणि हल्ली पावणेसातला दिवाणावर पाय वर घेऊन बसतात, तिला वाट मोकळी असावी म्हणून. मी पाहिलंय.

११ सप्टेंबर, गुरुवार
भरणी श्राद्ध. त्याला आवडायचं ते सगळं केलं. वडे, खीर, गवारीची भाजी. गच्चीवर पान ठेवलं. कावळे समोरच्या टाकीवर चार. एकही खाली येईना. अर्धा तास झाला, तास झाला. भाऊजी हात जोडून उभे. ऊन डोक्यावर आलं.
दशक्रियेला खाडीकाठी असंच झालं होतं. पिंडाला कावळा शिवेना. सगळे एकेक शब्द देत होते. तुझी बाईक विकणार नाही. बापाला आता ओझं उचलू देणार नाही. गावच्या देवीचा तुझा नवस फेडू. कावळा बाभळीवर बसून नुसता बघत होता. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून शिववला.
आज तेच चाललं होतं आणि ही खालून दावं तोडून वर आली. सुटलीच. टाकीभोवती, दोरीखालून, भाऊजींच्या पायांतून. पान उधळलं. खीर तिच्या नाकाला. कावळे उडून गेले.
आणि हे हसले. मोठ्याने. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.
मी झाडू घेतला आणि तिला मारलं. दोनदा. मग ह्यांना नको ते बोलले. तुम्हाला मुलाचं काही नाही, असंसुद्धा बोलले. हे गच्चीवरच बसले. खाली बघत म्हणाले,
“आगं, पोरगं गेल्यापास्नं आज पयल्यांदा हसलो. तेवढं बी नको का?”
मी खाली आले. भांडी घासायला घेतली.

१२ सप्टेंबर, शुक्रवार
दिली. सारसोळ्याची हिराबाई, आमची मासळीवाली. ती गणपतीच्या आधीपासून मागत होती. “मना दे तिला. होडीवर राखन कराला कुत्रा पायजेच हाय.” आज टोपलीशेजारी रिक्षात बसवून नेली. भिंगरी वळून बघत नव्हती. मासळीचा वास घेत होती.
घर आवरलं. कळशी जागेवर राहिली. हे आल्यावर त्यांनी दिवाणाखाली वाकून पाहिलं.

१५ सप्टेंबर, सोमवार
पावणेसात. हे पाय वर घेऊन बसले. मग त्यांच्या लक्षात आलं. हळूच पाय खाली सोडले.
चार दिवस आमच्यात बोलणं नाही. जेवायला वाढलं, एवढंच.

१८ सप्टेंबर, गुरुवार
हे कुठेच लिहिलेलं नाही. कुणाला सांगितलेलंही नाही.
दवाखान्यात शेवटच्या दिवशी ताप उतरला होता. तोंड धुतलं, दोन घोट पेज घेतली. मला म्हणाला, “आई, भिंगरीला खायला घातलंस का?” मी चिडले. आठ दिवस मी झोपले नव्हते आणि ह्याला कुत्र्याची पडलीय. म्हटलं, आधी स्वतःचं बघ. दुपारी त्याला आत आयसीयूत नेलं. नंतर त्याच्याशी बोलणं झालं नाही.
आज बालवाडीत एका पोराचा डबा उघडून देताना हे आठवलं. खाडीकाठी आम्ही त्याला सगळ्याचा शब्द दिला. गाडीचा दिला. देवीचा दिला. त्याने तोंडाने मागितलेलं तेवढं एकच होतं, आणि ते मलाच ठाऊक होतं. मी तिथे तोंडाला पदर लावून उभी होते. एक शब्द बोलले नाही.
आणि श्राद्धाच्या दुसऱ्याच दिवशी तिला घराबाहेर काढलं. मी काय करून बसले.

२० सप्टेंबर, शनिवार
सारसोळे. एकटीच गेले. ह्यांना सांगायची लाज वाटली. भिंगरी जाळ्यांच्या ढिगाशेजारी दोरीला. गळ्याला दोरी काचली होती. मला बघून उठली, शेपूट हलवली, परत बसली.
हिराबाई बिचारी चांगली बाई. म्हणाली, “बांधली तवापासून गुमान हाय. मना वाटला आजारीच हाय. ने तू.” वर कोलंबी बांधून देत होती. पितृपक्ष म्हणून घेतली नाही.
हे दारातच होते. तिला बघून खाली बसले आणि तिच्या गळ्यावर खोबरेल लावत राहिले. मला म्हणाले, चहा टाक. नऊ दिवसांनी.
पावणेसात वाजले. भिंगरी दारापाशी पडून राहिली.

२१ सप्टेंबर, रविवार
सर्वपित्री. गच्चीवर पान ठेवलं. ह्यांच्यासमोर, भाऊजींसमोर मोठ्याने म्हटलं, तुझ्या भिंगरीला मी सांभाळीन. कावळा आला की नाही ते बघायला थांबले नाही. तिला भात कालवायचा होता.
संध्याकाळी काही नाही. सात, साडेसात. ह्यांनी पाय वरच ठेवले होते.

२४ सप्टेंबर, बुधवार
खाते. फिरायला येते. पळत नाही. डॉक्टरीण म्हणाली, शरीराला काही झालेलं नाही. वाट बघा. मोठी होते आहे, तेही असेल. म्हणजे कदाचित ते वेडं पळणं संपलंच असेल, आणि त्यातलं शेवटचं मी झाडूने थांबवलं.

२६ सप्टेंबर, शुक्रवार
पावणेसात. गुडघे दुखतात तरी खाली बसले. फरशीवर दोन थापा मारल्या. म्हटलं, “पळ, भिंगरे.” सागर म्हणायचा तसं.
तिने डोकं उचललं. कान उभे. माझ्याकडे नाही, माझ्यामागे दाराकडे बघितलं. बराच वेळ.
ह्यांनी पाय वर घेतले. मी पुन्हा दोन थापा मारल्या.