भावोजींनी वाचून दाखवलेल्या कादंबऱ्या

४ फेब्रुवारी

ती. ताईस,

सा. न. वि. वि. काल दिवसभर शिडीवर उभी राहून एका औषधांच्या दुकानाची पाटी रंगवली, त्यामुळे साष्टांगातली पाचच अंगं वाकताहेत. तेवढ्यावर भागवून घे. भावोजी, वाचायला बसलाच आहात तर तुम्हालाही नमस्कार. घसा खाकरून घ्या, पत्र लांब आहे.

सोबत तीन कादंबऱ्या आहेत. पहिलीत एक प्राध्यापक आहे आणि तो खिडकीशी उभा आहे. चाळिसाव्या पानावर उभा राहिला तो दोनशेव्या पानावर बसला, तेही थकून नव्हे, लेखक थकला म्हणून. दिसेल ती बाई त्याच्या प्रेमात पडते. का पडते ते लेखकाने गुलदस्त्यात ठेवलं आहे. साऱ्या पुस्तकात या माणसाने एक कप विसळलेला नाही. दुसरी खुनाची. खुनी लंगडा आहे, पण कोणत्या पायाने ते प्रकरणागणिक बदलतं. तिसरी मात्र वाचच. पंचावन्न वर्षांची बाई एका सकाळी दूध तापवते, गॅस बंद करते, किल्ली खिळ्याला अडकवते आणि निघून जाते. परक्या गावात पुस्तकं बांधायचं काम शिकते. शेवटच्या पानावर ती दिव्याखाली एकटी जेवते आहे आणि माझा चष्मा कुठे आहे असं तिला कोणीही विचारत नाही. मी ब्रश धुवायची विसरून तिथेच बसून राहिले.

आता मुद्द्याचं. नोव्हेंबरपासून हे मी तिसऱ्यांदा लिहिते आहे. डोळ्यांच्या डॉक्टरबाईंची पाटी मी रंगवली तेव्हा तुझे तपासणीचे कागद त्यांना दाखवले होते. त्या म्हणतात, उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू पार पिकलाय, डाव्यातलाही पिकत आलाय, आणखी रेंगाळलीस तर नजर परत येण्याची खात्री नाही. त्यांनी तुझ्यासाठी दहा मार्च राखून ठेवला आहे. आधी ये, नंतर दोन महिने माझ्याकडे राहा. इथे तेलरंगाच्या वासाशिवाय तुला कसलाही त्रास नाही. आधीच्या दोन पत्रांना तू या बाबतीत उत्तरच दिलं नाहीस. रागावली आहेस का?

लोभ आहे तो वाढवावा, घटवायचा विचार असेल तर आधी कळवावं.

तुझी,
चिमटी


१३ फेब्रुवारी

चि. चिमटीस,

अनेक आशीर्वाद. तुझी पाठ सरळ राहो हा त्यातला पहिला. खाली पट्टी धरून जाड पेनाने लिहिते आहे. ओळ उतरणीला लागली तर तूही मान वाकडी कर.

पुस्तकं झाली. हे रोज संध्याकाळी वाचून दाखवतात. तीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासली, त्यामुळे स्वल्पविरामाला थांबतात आणि पूर्णविरामाला पाणी पितात. तुझा प्राध्यापक मला तरी बरा वाटला. कप विसळत नाही म्हणतेस, पण नवव्या प्रकरणात तो सगळी भांडी घासतो, मोरीसुद्धा! गुडघा दुखत असताना. लेखकावर उगाच तुटून पडतेस. खुनाच्या कादंबरीत तर खून झालाच नाही, तो गृहस्थ नुसता बेशुद्ध होता. आणि तिसरीतली बाई फाटकापर्यंत जाते, गॅसवर दूध राहिल्याचं तिला आठवतं आणि ती धावत परत येते. बघते तर नवऱ्याने भांडं उतरवलेलं आहे आणि तो हातात फडकं घेऊन उभा. तिथे हे पूर्णविराम नसताना पाणी प्यायले. पुस्तकं बांधणं वगैरे तू कुठून आणलंस? रंगाची वाफ डोक्यात गेली का?

एक बोलू? चार पानं तू खोट्या माणसांवर लिहितेस. डोळ्यांबद्दल मला अवाक्षर विचारत नाहीस. शिलाईचं दुकान वर्षभर बंद आहे. मी कात्री हातात घेतली की गिऱ्हाईक उठून उभं राहायचं. सुईत दोराही हेच ओवून देतात. एकदा तरी विचार, ताई, तुला किती दिसतं?

माया कर, निदान प्राध्यापकावर केलीस तेवढी.

तुझी,
ताई


१७ फेब्रुवारी

श्री. भावोजींस,

स. न. वि. वि. यातला 'स' सप्रेमचा. तो या पत्रापुरता वगळला आहे असं समजा, वगळण्याची तुम्हाला सवय आहेच.

मोरी घासणारा प्राध्यापक माझ्या प्रतीत नाही. माझ्या प्रतीत खून झालेला आहे, प्रेताची चिरफाडसुद्धा झाली आहे. मेलेला माणूस तुम्ही जिवंत केलात, हे आमच्या डॉक्टरबाईंनाही जमायचं नाही. त्यांना फक्त मोतीबिंदू काढता येतो. तो त्या दहा मार्चला काढणार आहेत, हे मी लिहिलं होतं. ते तुम्ही कोणत्या पूर्णविरामाला पाण्याबरोबर गिळलंत?

तीस वर्षं दुसऱ्यांच्या ओळींत एक शब्द बदलायची तुम्हाला मुभा नव्हती, त्याचा वचपा काढायचा तर लेखकांवर काढा. त्यांचं फार नुकसान होत नाही. माझ्या बहिणीच्या डोळ्यांवर काढू नका. डोळ्यांबद्दल मी विचारत नाही असं तिने लिहिलंय. ते पाकीट तुम्हीच टपालात टाकलंत ना?

लोभ ठेवायचा की नाही हे उत्तर आल्यावर ठरवेन.

चिमटी


२१ फेब्रुवारी

चि. चिमटीस,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र पोचलं. भाषा झोंबरी आहे, पण मजकूर निर्दोष आहे.

मी वगळलं असं म्हणू नये. संक्षेप केला. वाचकाच्या प्रकृतीला सोसेल तेवढंच द्यावं असं माझं मत आहे. शिवाय शस्त्रक्रिया म्हटलं की धोका आलाच. आमच्या छापखान्यातल्या, खिळे जुळवणाऱ्या एका जुळाऱ्याचा डोळा बिघडला होता. (त्याची शस्त्रक्रिया झालेली नव्हती, हे तू विचारशील म्हणून आधीच सांगतो.)

तिसऱ्या पुस्तकातल्या त्या बाईचं शेवटचं पान मी स्वयंपाकघरात उभा राहून बरेचदा वाचलं. तिला इतकं बरं वाटतं आहे, हे मोठ्याने वाचणं मला जमेना. तू एकटी राहतेस, मजेत राहतेस. तुझी ताई दोन महिने ते बघणार. परत आलीच तर नजर घेऊन येणार, म्हणजे आधी हे घर दिसणार, कोपऱ्यांतल्या जळमटांसकट. मग मी दिसणार. वर्षभरात मी फार म्हातारा झालो आहे. तिला अजून ते ठाऊक नाही.

तिच्या तक्रारीचं ते पाकीट मीच चिकटवलं आणि टपालात टाकलंही. योग्य वेळ पाहून तिला सांगेन. तूर्त तू काही लिहू नयेस.

कृपा असावी.

तुझे,
भावोजी


२५ फेब्रुवारी

ताई,

हे तू वाच.

दहा मार्चला डोळ्याचं ऑपरेशन.

तीन पत्रांत लिहिलं होतं.

चिमटी


१ मार्च

चि. चिमटीस,

आशीर्वाद, आणि या वेळी कान उपटून.

तुझा कागद आला. दारात ती पुठ्ठ्याची नळी उघडली तर तो उंबऱ्यापासून शिवणयंत्रापर्यंत पसरला. हातभर उंचीची, काळीभोर अक्षरं, खाली सावलीसुद्धा दिलेली. माझ्यासारख्या आंधळीलाही वाचता आली आणि बहुधा समोरच्या इमारतीलाही. मी तो कपाटाच्या दारावर टाचून ठेवला. हे पिशवी घेऊन आले आणि पिशवी हातातच राहिली. मी म्हटलं, रोजच्यासारखं वाचून दाखवा. त्यांनी वाचलं, एकही शब्द न गाळता. पाणीसुद्धा प्यायले नाहीत.

कादंबऱ्यांचं मला माहीत होतं, गं. डोळे गेलेत, कान नाहीत. पान उलटल्याचा आवाज न येता हे एकेक प्रकरण संपवायचे. प्रत्येक पुस्तकातला नवरा गुडघा धरूनच उठायचा, अगदी राजासुद्धा. प्रत्येक नायिकेला नवऱ्याचा चष्मा कुठे आहे ते पाठ. मी मनात हसायचे आणि गप्प बसायचे, कारण उभ्या संसारात या माणसाने मला भीती वाटते असं कधी म्हटलं नव्हतं. दूध उतरवून फडकं घेऊन उभ्या राहिलेल्या त्या नवऱ्याकरवी त्याने ते म्हटलं. म्हटलं, उसन्या तोंडाने का होईना, बोलतोय ना.

पण तुझी पत्रं? ती काही कादंबरी नव्हती. चार महिने मी तुला मनातून दूषणं देत बसले, की सख्खी बहीण असून विचारत नाही. ते जिव्हारी लागलंय. ह्यांनी माफी मागायला सुरुवात केली, तेव्हा मी सांगितलं की संक्षेपात नको, सावकाश मागा, आणि आधी गाडीचं तिकीट काढा. एकच.

आठ तारखेला पोचते. ते तिसरं पुस्तक सोबत आणते आहे.

भेटीची ओढ असू दे, ब्रश धुऊन ठेव.

तुझी,
ताई


९ एप्रिल

प्रिय अहो,

स. न. वि. वि. 'स' जागेवर ठेवला आहे.

अक्षर बघा. खाली पट्टी नाही. चिमटीच्या दुकानात डब्यांच्या गराड्यात बसून लिहिते आहे. डाव्या डोळ्याचंही मागच्या आठवड्यात झालं, आणि त्याने मी काल सुईत दोरा ओवला, पहिल्या झटक्यात. उजव्याने नाही जमत. थोडं धुकं तिथे राहणारच, असं डॉक्टरबाई म्हणाल्या. नोव्हेंबरात आणलं असतं तर कदाचित राहिलं नसतं, असंही म्हणाल्या. हे तुम्हाला दुखवायला लिहीत नाही. वगळायचं नाही, एवढ्यासाठी लिहिते.

ती कादंबरी माझी मी वाचली. मला विचाराल तर लेखिकेचा शेवटही काही धड नाही. बाई दिव्याखाली एकटी जेवते आणि कोणी चष्मा विचारत नाही म्हणून तृप्त होते! इथे चिमटीकडे एकटीचंच घर आहे, आणि दिवसातून चारदा ती स्वतःलाच मोठ्याने चष्मा कुठे म्हणून विचारते. लेखिकाबाई अशा कुठल्या घरात राहिलेल्या दिसत नाहीत. तुमचा शेवट तर त्याहून रद्दी. पण फडकं घेऊन उभा असलेला नवरा पटला. तेवढा लेखिकेला सुचायला हवा होता.

म्हातारे झालात ते चिमटीने सांगितलं. तुमचं पत्र तिने मला पूर्ण वाचायला दिलं. तुमच्या गालावर मी रोज हात फिरवत होते, मला ठाऊक नसेल? जळमटं मात्र खरंच काढून ठेवा.

कधी येणार ते तुम्ही तिन्ही पत्रांत विचारलंत. दोन महिने म्हणजे दोन महिने, त्यातला एकही दिवस गाळणार नाही. आल्यावर पुस्तकं मी वाचेन, तुम्ही ऐका. ज्याचा खून झाला तो मेलेलाच राहील.

आणि हो, गॅसवर दूध ठेवून फाटकाकडे बघत बसू नका, भांडं करपेल. परत यायला मला तेवढं कारण लागत नाही.

लोभ आहे. पूर्ण वाचावा, संक्षेप नको.

तुमची,
मीच