बेआतबाईंच्या घराची किल्ली

गुरुवार, ९ जानेवारी

विकणार म्हणे! बेआतबाईंचं घर विकणार!

मेयरबाईंचं पत्र आलं. छापील, खाली निळ्या शाईत सही. शांब्लासेमधली ‘वापरात नसलेली इमारत’ विकायचा विचार आहे. ती गावकऱ्यांच्या सामाईक मालकीची असल्यामुळे गावच्या मतदारांनी रविवारी, १६ फेब्रुवारीला खाली मोंब्राकच्या कचेरीत येऊन हो की नाही ते चिठ्ठीवर लिहावं. ल्योंच्या एका जोडप्याला उन्हाळ्यात राहायला हवंय. घंटा ते तशीच ठेवणार आहेत. शोभेला.

वापरात नसलेली! यंदा किल्ली माझ्याकडे आहे. रोज दुपारी बारा वाजता मी तिथे जाऊन दोर ओढतो. आजही ओढला. पत्र खिशात होतं, म्हणून जरा जोरातच ओढला.

रविवार, १२ जानेवारी

चर्चची मिस्सा आता महिन्यातून एकदाच, तीही खाली मोंब्राकला. बाकीच्या रविवारी मी गोठ्यातलं आवरून घरीच प्रार्थना म्हणतो. आज मन लागलं नाही. उठलो आणि त्या घरात जाऊन बसलो.

काळ्या दगडाचं, तीन खिडक्यांचं घर. छपरावर दुधाच्या कॅनएवढी घंटा. पणजोबांच्या वेळी प्रत्येक घरानं दगडांच्या गाड्या दिल्या, फायोल घराण्यानं सर्वांत जास्त, हेही खरं. बेआतबाई म्हणजे नन नव्हे. व्रतस्थ, साधी बाई. मुलांना अक्षरं शिकवायची, मुलींना लेस विणायला, आजाऱ्याला काढा द्यायची, मेलेल्याला अंघोळ घालायची. पगार म्हणून घराघरातून मसूर आणि डुकराची चरबी. माझी आजी शेवटच्या बाईंच्या हाताखाली शिकली. मग बाई गेल्या, कुणी नवी आली नाही. घर राहिलं. अजून मे महिन्यात जपमाळ तिथेच होते. वडील गेले तेव्हा त्यांना तिथेच ठेवलं होतं दोन दिवस, बर्फामुळे वाट बंद होती म्हणून.

पत्रासोबतच्या नकाशात शांब्लासे म्हणजे एक ठिपका आणि एक आकडा. पाणवठा नाही. तीन क्रूस नाहीत. लांडगेखाच नाही, विधवेचा माळ नाही, जिथे बाबांनी मला नांगर धरायला शिकवलं ती लांबपट्टीही नाही. ठिपका विकायला हरकत कुणाची असणार?

माझी आहे.

मंगळवार, १४ जानेवारी

पाणवठ्यावर जिल्बेर फायोल भेटला. आम्ही एका बाकावर शिकलो. मला तो शाळेपासून पोपसाहेब म्हणतो, मी त्याला नास्तिक म्हणतो, आणि गाय अडली की दोघंही आधी एकमेकांकडेच धावतो.

तो विकायच्या बाजूचा आहे. त्याच्या गोठ्याकडचा रस्ता दरवर्षी वाहून जातो. यंदा दुधाच्या टँकरवाल्यानं सांगितलंय, रस्ता झाला नाही तर मी वर येणार नाही. मेयरबाईंनी त्याला शब्द दिलाय – घराचे पैसे रस्त्याला.

म्हणाला, “पोपसाहेब, तुमची घंटा माझं दूध खाली नेणार आहे का?”

मुद्दा बिनतोड आहे. तरी माझं मत ‘नाही’च! रस्ता करणं कचेरीचं काम आहे. त्यासाठी आमच्या मेलेल्यांची खोली का विकायची?

रविवार, १९ जानेवारी

गावात मतदार सात. मोजायला बोटं पुरतात.

विकण्याच्या बाजूला तीन – जिल्बेर, त्याची बायको, त्याचा मेहुणा. विरोधात तीन – मी, माझी बायको मिरेय, सिदोनी आत्या. आत्या शहाऐंशीची आहे, पण पत्र वाचून म्हणाली, मला खुर्चीवर बसवून न्यावं लागलं तरी ने.

सातवं मत नादेजचं.

नादेज नर्स आहे. बारा वर्षांपूर्वी व्हियालांचं रिकामं घर घेऊन राहायला आली. पांढऱ्या गाडीतून डोंगरभर फिरते, इंजेक्शनं देते, जखमा बांधते. आत्याच्या पायाची पट्टी रोज सकाळी तीच करते. तिनं काय लिहावं म्हणून अपेक्षा करायची आम्ही? त्या घरात तिचं काय आहे? बारा वर्षांत तिला कधी कुणी आत बोलावलं नाही.

कारण किल्ली. किल्ली वर्षभर एका घरी असते. मेणबत्त्यांच्या सणाला, २ फेब्रुवारीला, पावासोबत पुढच्या घरी जाते. सूर्य जातो तशी. आत्याकडून माझ्याकडे, माझ्याकडून फायोलांकडे. मध्ये व्हियालांचं घर लागतं, तिथे थांबत नाही. १९०६ साली सरकारची माणसं चर्चमधल्या वस्तूंची यादी करायला आली, तेव्हा गावानं मोंब्राकची चांदीची भांडी वर आणून बेआतबाईंच्या घरात लपवली होती. दाराला आडवे ओंडके लावले होते. किल्ली त्या वर्षी व्हियालांकडे होती. म्हाताऱ्या व्हियालनं ती शिपायांच्या हातात दिली. तेव्हापासून किल्ली त्या दारावरून पुढे जाते.

ते व्हियाल संपले. मग एक सुतार राहून गेला. मग पंधरा वर्षं घर बंद. मग नादेज आली – ती तर उत्तरेतली, समुद्राकडची. आणि आम्ही दरवर्षी पाव घेऊन तिच्या दारावरून जातो. मीही गेलोय. कधी मान वळवून पाहिलं नाही.

गुरुवार, २३ जानेवारी

बुर्ल, आमचा उत्तरेचा वारा, सुटलाय. बर्फ आडवं येतंय. दिवसभर गोठ्यातच.

रविवार, २६ जानेवारी

आत्याला सांगितलं. किल्ली यंदा नादेजला द्यायचं मनात आहे.

नादेज नुकतीच पट्टी करून गेली होती. आत्याचा पाय स्टुलावर, स्वच्छ, पांढरा. तिनं चहाचा कप खाली ठेवला. तिच्या सासऱ्यानं त्या दिवशी शिपायाच्या बंदुकीचा दस्ता खाल्ला होता, आयुष्यभर एका कानानं ऐकायचा, हे तिनं मला शंभराव्यांदा सांगितलं. मी म्हटलं, आत्या, नादेजचा त्याच्याशी काय संबंध? ती तेव्हा जन्मली नव्हती, तिची आजीही जन्मली नसेल.

“पोरगी सोन्यासारखी आहे,” आत्या म्हणाली. “माणसाचं मी बोलतच नाही. मी घराचं बोलतेय.”

“पाय तिच्या हातात देतेस आणि किल्ली नाही?”

“पाय माझा आहे. किल्ली माझी नाही, तुझीही नाही.”

मग म्हणाली, चीज घेऊन जा, चांगलं मुरलंय. घेऊन आलो. साल चीज मुरवणाऱ्या बारीक किड्यांनी छान भुरभुरीत झालीय.

शुक्रवार, ३१ जानेवारी

मिरेयनं बरोबर जागी बोट ठेवलं. भांडी घासता घासता विचारलं, “तू किल्ली द्यायला चाललायस की मत मागायला?”

खरं उत्तर – दोन्ही. मत लागतंय म्हणून मला बारा वर्षांनी न्याय आठवला. हे देवापुढे कसं सांगू? सगळा आठवडा हेच घोळतंय. मी जर चांगलं काम वाईट कारणासाठी केलं तर ते चांगलं राहतं का? आणि कारण वाईट आहे म्हणून चांगलं काम टाकून दिलं, तर ते शहाणपण की पुन्हा तेच, तिच्या दारावरून पुढे जाणं?

ठरलं. किल्ली देणार. मताबद्दल एक अक्षर बोलणार नाही. ती ‘विका’ म्हणाली तरी किल्ली तिचीच. जिल्बेर चिडेल, कारण यंदा पाळी त्याची. आत्या चिडेल. चिडू देत! आमचे पूर्वज सरकारसमोर ओंडके लावून उभे राहिले, मग मला आमच्याच एका वाईट सवयीसमोर उभं राहता येऊ नये?

रविवार, २ फेब्रुवारी

दिली.

मिरेयनं पाव भाजला, फडक्यात बांधला. जिल्बेर रिवाजाप्रमाणे त्याच्या दारात टोपी घालून उभा होता. मी व्हियालांच्या पायरीशी वळलो तेव्हा मला त्याची नजर पाठीवर जाणवली. मागे आत्याची खिडकी बंद झाली. आवाज आला.

दार उघडंच होतं. आत धिरड्यांचा वास. टेबलावर धिरड्यांची चळत, जामची बरणी, दोन बशा. मी म्हटलं, पाहुणे येणार आहेत वाटतं, मी नंतर येतो.

नादेज म्हणाली, “दरवर्षी करते. पहिल्या वर्षी कुणीतरी सांगितलं होतं की आज किल्ली दारोदार जाते. मला वाटलं, माझ्याही येईल. मग सवय झाली.”

मला खाली बघावं लागलं. किल्ली आणि पाव टेबलावर ठेवले. ती बराच वेळ हात लावेना. विचारलं, हे मतासाठी आहे का? मी म्हटलं, मत तुमचं आहे, मला सांगू नका, मी विचारणार नाही. घंटा दुपारी बाराला, मयत झाली की नऊ ठोके पुरुषाला, सात बाईला, मे महिन्यात जपमाळेआधी खोली झाडायची. बस.

तिनं मला बसवून तीन धिरडी खायला घातली. चांगली होती. जरा जाड.

बुधवार, ५ फेब्रुवारी

घंटा आज बारा वाजून अकरा मिनिटांनी. काल बारा वाजून चार. ती रुग्णांकडून धावत येते आणि गाडीचं दार न लावताच दोर ओढते. एवढ्या वर्षांत शांब्लासेमध्ये कुणी घंटेसाठी धावलं नव्हतं.

जिल्बेर पाणवठ्यावर भेटला. निघताना म्हणाला – “पोपसाहेब, माझी पाळी देऊन तुम्ही मत विकत घेतलंत. नास्तिक मी आहे, पण हे मला सुचलं नसतं.” झोंबलं. खोटं म्हणता येईना. पाळी पुढच्या वर्षी त्याची, हे सांगितलं. तो म्हणाला, पुढच्या वर्षी कुठली किल्ली?

आत्या पट्टी करून घेते. नादेजशी बोलत नाही म्हणे. माझ्याशीही जेमतेम.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

मेयरबाईंचा फोन. तुमच्यासारख्या समजूतदार माणसानं आडमुठेपणा करू नये. त्या घराला गवंडी लागतो, छप्पर लागतं, कचेरीकडे काही नाही. मी म्हटलं, छपराच्या फरशा आमच्याच खाणीत आहेत, हात आमचे आहेत, आणि समजूतदार असतो तर इतकी वर्षं अकराशे मीटर उंचीवर मसूर पेरत बसलो असतो का? त्या हसल्या. माणूस वाईट नाही. पण त्यांच्या टेबलावर नकाशा आहे आणि त्यात ठिपका आहे.

रविवार, १६ फेब्रुवारी

हरलो.

आत्याला मी माझ्या गाडीतून नेलं, दोन उशा लावून. सातही जणांनी चिठ्ठ्या टाकल्या. मेयरबाईंनी एकेक उघडून वाचली. हो चार. नाही तीन.

नादेज कोपऱ्यात उभी होती. माझ्याकडे बघत होती. मी टोपी घातली आणि बाहेर पडलो. विचारणार नाही म्हटलं होतं, विचारलं नाही. पण सातवं मत तिचंच होतं, आणि ते कुठे गेलं ते सातांपैकी प्रत्येकाला कळतंय. जिल्बेरलासुद्धा तोंड वर करवेना. हे त्याच्या भल्यासाठी होतं, तरी.

परत येताना आत्या खिडकीबाहेर बघत होती. माझ्या मनात नको ते आलं – व्हियालांचं घर ते व्हियालांचं घर. लिहून ठेवतो, कारण आलं.

सोमवार, १७ फेब्रुवारी

सकाळी नादेजची गाडी आडवी आली. तिनं काच खाली केली, मी थांबलो नाही.

मग आत्याकडे लाकडं टाकायला गेलो. पायाला ताजी पट्टी होती. मी चुलीपाशी वाकलेला असताना आत्या पाठीमागून म्हणाली, “चौथं मत माझं होतं, रेजी. ल्योंच्या माणसांनी आपल्याला कधी शिपायांच्या हाती दिलं नाही.”

मी लाकडं पूर्ण रचली. म्हणजे नादेजनं ‘नाही’ लिहिलं होतं. वर बेआतबाईंच्या घरी गेलो. नादेज दोर ओढत होती, अकरा मिनिटं उशिरा. टोपी काढून दारात उभा राहिलो, ठोके संपेपर्यंत.

तिला सांगितलं, विक्रीचे कागद व्हायला महिने लागतील. तोवर किल्ली तुमचीच. मेयरबाईंना हवी असेल तर त्यांनी तुमच्या दाराशी येऊन मागावी – आणि त्या येतील तेव्हा ओंडके लावायला मी आहे.