विहिरीवरचा जावई

१० एप्रिल १९८३, रविवार. रेणापूर
एवढं ठाऊक होतं तर पाळकसाहेब आजवर गप का बसले? दरवर्षी योहानाच्या शुभवर्तमानातली तीच शोमरोनी बाई, तीच विहीर. येशू पाणी मागतो, आम्ही आमेन म्हणून घरी. आज म्हणले, जुने यहुदी गुरू जसं वाचायचे तसं वाचा. त्यांच्यात परका माणूस विहिरीवर भेटला की लगीन ठरतंय. जुन्या करारातल्या रिबकाचं तसंच, राहेलचं तसंच, मोशेच्या बायकोचंबी. पुढलं ऐकायला थांबले न्हाई. टँकरचा टाइम झाला होता.

११ एप्रिल
देवाची करणी! लातूर जिल्हा झाल्यापासून जीपगाड्या लई फिरायल्यात. आज एक ओवरशियर विहिरीचं पाणी मोजायला आला अन् माझ्या सुमनला प्यायला पाणी मागितलं. निम्मा गाळ, तरी प्याला. गळ्यात क्रूस न्हाई, पण खिशाला दोन पेनं. घरात आम्ही मायलेकी दोघीच. घरजावई करून घ्यायचा.
कोणाला सांगायचं न्हाई.

१२ एप्रिल
शेजारच्या सिद्धम्माला तेवढं सांगितलं. म्हणली, अक्का, ह्या दुष्काळात सगळा गावच पाणी मागतोय, सगळ्यांनाच जावई करता काय? जळती मेली. तिला शास्त्र कुठलं ठाऊक!

१४ एप्रिल
जीप परत आली. दोघं विहिरीवर लई वेळ बोलले. मी मधी गेले न्हाई. रिबकाची आई तरी कुठं गेली असंल?
पाहुण्यांसाठी वाकळा धुवायला काढल्या. पाणी न्हाई. झटकून ठेवल्या.

१६ एप्रिल, दुपार
घागर विहिरीवर, सुमनचा पत्ता न्हाई. जीपीत बसून गेली म्हणे. पळून गेली असं म्हणायचं न्हाई. नवरी वऱ्हाडाच्या जरा पुढं गेली, एवढंच.

१६ एप्रिल, सांज
सुमन यष्टीनं आली. लातूरच्या नव्या कचेरीत मॅट्रिक पोरी घेत होते, ओवरशियरनंच सांगितलं म्हणे. इंटरव्ह्यू झाला, नोकरी लागली. मी विचारलं, अन् लगीन? म्हणली, आई, त्याची बायको जीपीत पुढंच बसली होती.

१७ एप्रिल, रविवार
पाळकसाहेबांना धरलं. ते हसायलेत! म्हणले, पुढलं तेच तर सांगत होतो. ऐकणाऱ्याला वाटतंय आता लगीन, अन् लगीन होतच न्हाई. बाई घागर टाकून गावात जाते, येशूची खबर गावाला द्यायचं मोठं काम तिला मिळतंय.
बरं, लगीन ऱ्हाऊ द्या. सुमन उद्या जाणार, तिथंच खोली घेणार. ती शोमरोनी बाई सांजच्याला घरी आली का? मागं तिची आई होती का? कुठंच लिहिलं न्हाई. पाळकसाहेबांना सांगून आले, यहुदी गुरूंना विचारा न्हाईतर देवाला. येत्या रविवारी, उपासनेची घंटा व्हायच्या आधी, मला जवाब पाहिजे.