एकडोळ्या वकिलाची परीक्षा

२ मार्च

वकील टँकमध्ये पडला! मी स्वयंपाकघरात, हे गेटवर मुलांच्या पालकांशी बोलत. आवाज आला तो नुसता ‘डुबुक’. डाव्या डोळ्यानं त्याला दिसत नाही, पिल्लू होता तेव्हाच गेला तो डोळा, आणि टँकचा काठ नेमका डावीकडे. पोहत होता बिचारा, पण पायऱ्यांकडे नाही, गुळगुळीत फरशीच्या भिंतीकडे. नखं लावायचा, घसरायचा. मी काठावर पालथी पडून मानगूट धरून ओढला. 

ह्यांनी टॉवेल आणून दिला. मग म्हणाले, “एक एप्रिलपासून पोहण्याचे उन्हाळी वर्ग. चाळीस पोरं. मी पोरांकडे बघू की बोक्याकडे? तुझ्या बहिणीकडे ठेवू या का त्याला?”

चार महिन्यांचा संसार आमचा, तोही पन्नाशीत. घर ह्यांचं, टँक ह्यांचा. माझं म्हणून या घरात आलेलं एकच — हा बोका.

मी गप्प बसले.

३ मार्च

नाही बसवलं. दिवसभर लॅबमध्ये लोकांचं रक्त काढताना “घाबरू नका” म्हणते, आणि स्वतःच्या घरात घाबरायचं?

“चाळीस पोरांना शिकवता, एका बोक्याला नाही शिकवता येत?”

ह्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. “येईल की. पण परीक्षा पोरांसारखीच. महिनाअखेरपर्यंत. कोणी हात लावायचा नाही, हाक मारायची नाही. स्वतः बाहेर आला, तर राहील.”

ह्यांच्याकडे पोहणं नंतर, बाहेर पडणं आधी. मुलाला पाण्यात कुठंही सोडतात, त्यानं आपलं आपण बाहेर यायचं. रडून कोणी पास झालेलं नाही. सख्ख्या भाच्याला तीनदा नापास केलंय!

५ मार्च

पहिला धडा. दुपारी, पाणी उन्हानं जरा तापल्यावर. हे कमरेइतक्या पाण्यात, दोन्ही हात वकिलाच्या पोटाखाली. पायरीपासून हातभर अंतरावर अलगद सोडला. चार हातपाय मारून वर! मग शिट्टी, आणि पायरीवरच माशाचा तुकडा. असं तीनदा. नंतर नळाच्या साध्या पाण्यानं धुतला, नाहीतर अंग चाटताना टँकचं औषध पोटात जायचं.

वकिलानं एवढा युक्तिवाद केला की शेजारीण कुंपणावरून डोकावली. “अहो, कोणाचा जीव घेताय?”

९ मार्च

शिट्टी वाजली की पायरी. हुशार आहे हो माझा! ह्यांच्या तोंडून चुकून “शाब्बास” गेलं. मग खोकले.

१२ मार्च

फजिती! संध्याकाळच्या वर्गात ह्यांनी मुलांसाठी शिट्टी वाजवली आणि वकील घरातून सुसाट निघाला. बारा मुलांच्या मधून थेट पायरीवर जाऊन बसला. मासा द्या! मुलं हसून हसून पाणी प्यायली.

म्हणजे टँकपासून जपून राहायला शिकवायचं, तर आम्ही दोघा शहाण्यांनी त्याला टँकवर जेवायची सवय लावली!

आजपासून शिट्टी बंद. टँकपाशी खाऊ बंद. बाहेर आला की घरात न्यायचा, खाऊ ओट्यापाशी.

१७ मार्च

पायऱ्या एकाच कोपऱ्यात. खोल टोकाला पडला तर? तिथून तेवढं पोहेपर्यंत दमून जाईल.

हे सकाळी बाहेर गेले ते एक लांब फळी घेऊन आले. तिच्यावर काथ्याची पायपुसणी ठोकली, नखं रुतावीत म्हणून. एक टोक काठाला पक्कं बांधलं, दुसरं पाण्यात.

“एका विद्यार्थ्यासाठी एवढा खटाटोप?” मी म्हटलं.

“पोरांनाही उपयोगी पडेल.”

पोरांना पायपुसणी! बरं बरं.

२० मार्च

लॅबमध्ये उशीर. धडा बुडाला. वकील खूश.

२४ मार्च

फळी जमली! फळी उजव्या अंगाला असली की चारपैकी चार वेळा. डाव्या अंगाला असली की चारपैकी एकदा. मान वळवून बघायचं त्याला सुचतच नाही.

२८ मार्च

डावीकडे चारपैकी दोन. तीन दिवस राहिले. टॉवेलात गुंडाळता गुंडाळता मलाच रडू आलं. ह्यांनी बघितलं. फळीची दोरी सोडून पुन्हा बांधत बसले. चांगली घट्ट होती.

बहिणीचा फोन. “अगं, आण की त्याला. मी काय खाणार आहे?” जीव लावेल ती, ठाऊक आहे. पण मला तो इथं हवाय.

३० मार्च

पास!!

लॅबमधून आले तर वकील ओट्याखाली, ओलाचिंब, जिभेनं अंग साफ करत. हे दारातच उभे, आंघोळ करून, धुतलेला सदरा घालून.

“झाली परीक्षा. आपला आपणच पडला, खोल टोकाला. फळी डावीकडे. मी खिडकीतून बघत होतो, जागचा हललो नाही. आधी गेला भिंतीपाशी. मग वळवली मान. फळी पकडली आणि वर!”

“खरंच?”

“मी कधी कोणाला उगीच पास केलंय?”

बहिणीला कळवलं. वकिलाला अख्खा मासा. ह्यांनी स्वतः काटे काढून दिले.

३१ मार्च

भात टाकायला तांदळाच्या डब्यात हात घातला. तळाशी ह्यांचा मोबाइल. बंद. काचेआड पाणी.

खिडकीतून बघणाऱ्याचा मोबाइल भिजतो होय!

होता तसा तांदळात पुरून ठेवला. दुपारी वकिलाला घेऊन मीच पाण्यात उतरले. फळी डावीकडे, अगदी पहिल्यापासून. हे काठाशी आले. पास झालेल्याला आता कसला धडा, असं विचारलं नाही. फळी धरून बसले.