हरलेल्या पेठेचा गुलाल

शारजा,
१८ सप्टेंबर १९९७

ती. दादास,
मृणालिनीचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. नेहमीप्रमाणे ते ह्यांच्या ऑफिसच्या पोस्ट बॉक्समध्ये आलं आणि नेहमीप्रमाणे ह्यांनी ते जेवणाच्या डब्याच्या पिशवीतून घरी आणलं. त्यामुळे तुझ्या तब्येतीची खुशाली आम्ही भेंडीच्या वासासकट वाचली. वहिनींचा गुडघा आता बरा असेल.

तुझ्या भाच्याचा फोटो इथल्या इंग्रजी पेपरात आला आहे. हुरळून जाऊ नकोस. फोटोत अंकुर हवेत आडवा आहे, चेंडू त्याच्या मागे जाळ्यात आहे आणि खाली नाव गोल मारणाऱ्याचं आहे. सामना आम्ही अकरा शून्यने हरलो. अंकुरने त्याच्या दुप्पट गोल अडवले असं त्यांचे पीटीचे कमरुद्दीन सर सांगतात, पण अडवलेले गोल पेपरात छापत नाहीत.

अंकुरची शाळा म्हणजे एक जुना व्हिला, हे तुला मागे लिहिलंच होतं. हॉलमध्ये सातवी, स्वयंपाकघरात केमिस्ट्रीची लॅब, आणि प्रिन्सिपॉल ममता मॅडम बसतात ती खोली पूर्वीचं न्हाणीघर असल्यामुळे त्यांच्या डोक्यावर अजून शॉवर आहे. मैदान नाही. शुक्रवारी इंडस्ट्रियल एरियातली गॅरेजेस बंद असतात तेव्हा भंगारातल्या दोन ट्रेलरांच्या मधे गोल मानून पोरं सराव करतात आणि ग्रीस लावून घरी येतात.

ज्यांनी अकरा घातले ती मोठी शाळा. तिथे हिरवळ आहे, गोव्याचा कोच आहे, आणि आता फ्लडलाइटही बसणार आहेत. कुठल्याही शाळेतला पोरगा जरा सरळ लाथ मारायला लागला की महिन्याभरात मोठ्या शाळेत दिसतो. फी निम्मी करतात. गेल्या वर्षी आमचा विघ्नेश तिकडे गेला. परवा त्याने आमच्यावरच चार गोल चढवले आणि प्रत्येक गोलनंतर अंकुरला सॉरी म्हणाला. पोरगा वळणाचा आहे.

आता त्यांना अंकुर हवा आहे. महिना दीडशे दिरहम वाचतील, म्हणजे दीड हजार रुपये, हे ह्यांनी मला तीनदा सांगितलं. फुटबॉलमधलं ह्यांना एवढंच कळतं की चेंडू गोल असतो, पण त्या शाळेचा दहावीचा निकाल चांगला आहे आणि आपला अंकुर नववीत आहे. अंकुर नुसते खांदे उडवतो. तू इतकी वर्षं पेठेच्या तालमीकडून फुटबॉल खेळलास, गोलात उभा राहिलास. तुला काय वाटतं ते कळव.

वहिनींना नमस्कार. तू रागावलास तरी चालेल, पण लोभ कमी करू नकोस.

तुझी,
मृणालिनी

*

कोल्हापूर,
४ ऑक्टोबर १९९७

चि. सौ. मृणालिनीस,
दादाचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मी चुकून तालमीच्या कट्ट्यावर वाचलं. आता सगळ्या पेठेला माहीत झालंय.

मला काय वाटतं हे तू विचारतेस यातच तुला शारजाचं वारं लागलंय हे दिसतं. अगं, कोल्हापुरात कुणी तालीम निवडतं का? ज्या पेठेत पाळणा हलला त्या पेठेची जर्सी. आपली तालीम गेली किती वर्षं मार खाते हे तुला माहीत आहे. म्हणून काय मी पलीकडच्या पेठेत जाऊन उभा राहिलो? आपला सतीश गेला होता, सासुरवाडी तिकडची म्हणून. परत आला तेव्हा सलूनवाल्याने त्याची अर्धी दाढी केली आणि जेवायला गेला. सतीश तसाच घरी गेला. चूक कबूल होती त्याला.

आणि ही तुमची मोठी शाळा. सगळे चांगले गडी एकाच बाजूला घेतले तर उरलेल्यांशी खेळण्यात काय राम? ती कुस्ती नव्हे, कोंबडी कापणं आहे. अकरा घातल्यावर त्या पोरांना जेवण गोड कसं लागतं हे मला विचारायचं आहे. विजयरावांना हा प्रश्न माझ्या नावाने कर, पण जेवण झाल्यावर कर.

आपल्या पेठेचा दगडू तिकडे वेल्डिंगच्या कामाला आहे. तो सुट्टीवरून परत निघालाय. त्याच्याबरोबर चिवडा, आणि पेठेच्या गुलालाची एक पुडी पाठवतोय. नियम तुला माहीत आहे, जिंकल्याशिवाय पुडी फोडायची नाही. हरलेल्या अंगावर पेठेचा गुलाल आजवर पडलेला नाही. यंदा आपल्या तालमीला तो लागलाच नाही, म्हणून भरपूर शिल्लक आहे.

अंकुरला सांग, गोलकीपरने खांदे उडवू नयेत, निखळतात. विजयरावांना नमस्कार, वैभवीला पापा. आमचा जीव तुमच्यात अडकलेला असतो हे न लिहिताही समजून घ्यावं.

तुझा,
सुदेशदादा

*

शारजा,
७ नोव्हेंबर १९९७

ती. दादास,
सा. न. वि. वि.

दिवाळी छान झाली. दगडू चिवडा आणि पुडी देऊन गेला. विमानतळावर हे काय म्हणून विचारलं तेव्हा त्याने मसाला म्हणून सांगितलं. ऑफिसरने वास घेतला आणि शिंकला, मग लांबूनच जा म्हणाला. पुडी मी चहाच्या डब्यामागे ठेवली आहे.

आता रागवायचं तेवढं रागावून घे. अंकुरला आम्ही मोठ्या शाळेत घातलं. तुझं पेठेचं सगळं मला पटतं रे, पण इथे पेठ आणायची कुठून? इथे फक्त व्हिसा असतो. आज शारजात, उद्या अबुधाबीत, परवा कंपनी म्हणेल खलास, घरी जा. ज्याला त्याला जिथे बरं मिळेल तिथे जायचं, आम्ही सगळे असेच तर इथे आलो. मग पोराला कुठल्या तोंडाने सांगू की तू मात्र जागेवरच राहा? असं ह्यांनी विचारलं आणि मी फॉर्म भरायला घेतला.

तर ब्लेझर घेतला. शारजात, दादा, लोकरीचा ब्लेझर. पोरगं तो घालून बसस्टॉपवर उभं राहतं आणि मला रडू येतं, अर्धं उन्हाचं आणि अर्धं हसण्याचं.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. वर्षाच्या मधे शाळा बदलली तर त्या वर्षी नव्या शाळेकडून खेळता येत नाही, असा स्पर्धेचा नियम आहे. मोठ्या शाळेला तो ठाऊक होता. शिवाय त्यांच्याकडे दोन गोलकीपर आधीच आहेत आणि पुढच्या वर्षीही तेच राहणार आहेत. अंकुर तिसरा. सराव चालू असताना तो कुंपणाबाहेर गेलेले चेंडू आणून देतो. कमरुद्दीन सर रस्त्यात भेटले तेव्हा हसत म्हणाले की भाभीजी, उनको कीपर नहीं चाहिए था, बस हमारे पास नहीं चाहिए था. मी घरी येऊन ह्यांना ते जसंच्या तसं ऐकवलं. हे टीव्हीचा आवाज वाढवून बसले.

व्हिला शाळेच्या गोलात आता आठवीतला एक चष्मेवाला उभा राहतो. वैभवी अजून तिथेच सातवीत आहे, कारण मुलींच्या लाथांबद्दल कुणी फी माफ करत नाही. ती भावाशी बोलत नाही. जेवताना मीठ हवं असेल तर मम्मी, टेल द ट्रेटर टु पास द सॉल्ट. अंकुर निमूट मीठ देतो. त्याने ग्लोव्ह्ज पलंगाखाली टाकलेत आणि मला त्याची फार काळजी वाटते. अकरा गोल खाऊन आला तेव्हाही हा मुलगा चार पोळ्या जेवला होता.

वहिनींना नमस्कार. सलूनवाल्याला काही कळवू नकोस, बाकी माया आहे तशी राहू दे.

तुझी,
मृणालिनी

*

कोल्हापूर,
२ डिसेंबर १९९७

चि. सौ. मृणालिनीस अनेक आशीर्वाद.

रागावलो नाही. दोन दिवस कट्ट्यावर गेलो नाही, एवढंच.

गोलकीपरला अकरा गोल पचतात. मला एकदा नऊ पचले होते, वर दुधाचा ग्लासही पचला. पचत नाही ते नुसतं बसणं. पोराला चेंडू पाहिजे, अंगावर येणारा. तो कुठल्या जर्सीत मिळेल ते तुम्ही बघा, मी पेठ मधे आणत नाही. हे लिहिताना मला किती त्रास झाला ते तुझ्या वहिनीला विचार.

पुडी परत पाठवू नकोस. गुलाल परत घेत नाहीत.

सगळ्यांना आशीर्वाद. अंकुरच्या ताटात एक पोळी माझ्या नावाने वाढ.

सुदेशदादा

*

शारजा,
१४ फेब्रुवारी १९९८

ती. सुदेशराव यांस,
विजयकुमारचा सा. न. वि. वि.

पत्र माझं पाहून दचकू नये, सर्व कुशल आहे. मृणालिनीचा आवाज बसला आहे आणि तिच्या म्हणण्याप्रमाणे बसलेल्या आवाजात पत्रही लिहिता येत नाही. शिवाय हे मीच लिहावं असा तिचा हुकूम आहे.

परवा गुरुवारी संध्याकाळी मोठी शाळा विरुद्ध व्हिला शाळा असा शेवटचा सामना होता. मोठ्या शाळेच्या नव्या फ्लडलाइटचं उद्घाटन त्याच वेळी, बक्षीस द्यायला बडे पाहुणे. आणि व्हिला शाळेत कांजिण्यांची साथ. चष्मेवाल्यासकट पोरं घरी पडली, उरली दहा. सामना झालाच नाही तर पाहुण्यांनी काय, रिकामं गवत बघायचं? तेव्हा मोठ्या शाळेनेच तोड काढली. नियमाप्रमाणे अंकुरचं नाव यंदा अजून व्हिला शाळेच्याच संघात होतं. दोन्ही प्रिन्सिपॉलांनी संमती दिली आणि आमचा मुलगा एका संध्याकाळपुरता माहेरी गेला. नाही तरी अकरा घालायचेच होते, समोर कुणी उभं असलं की बरं दिसतं.

सामन्याआधी कोचने अंकुरला माझ्यासमोर सांगितलं की पाहुण्यांना दोन चार उड्या मारून दाखव, पण शनिवारी तू आमच्या शाळेत येणार आहेस हे विसरू नकोस. यल्ला हबीबी, म्हणजे चल राजा, असं म्हणून त्याची पाठ थोपटली. मी मान डोलावली. ऑफिसात डोलावून डोलावून मला ती सवयच आहे. अंकुरने माझ्याकडे पाहिलं आणि तो गेला.

मला मोठ्या शाळेच्या पालकांत गादीची खुर्ची होती. मांडीवर अंकुरचा ब्लेझर. मध्यंतरापर्यंत एकही गोल झाला नाही. मला फुटबॉल कळत नाही हे आपण जाणताच, पण एवढं कळलं की चेंडू सारखा एकाच बाजूला जातोय आणि तिथे एकच मुलगा आहे. तो त्यावर पडत होता, उडत होता, एकदा तर त्याने तो तोंडाने अडवला. शेजारच्या बाईंनी हा कुणाचा मुलगा म्हणून वैतागून विचारलं. मी म्हणालो, माझा. सुदेशराव, हा शब्द मी आयुष्यात इतक्या मोठ्याने कधी उच्चारला नव्हता.

मध्यंतरात अंकुर पाणी प्यायला आला. ओठ फुटला होता. कोचने पुन्हा शनिवारची आठवण दिली ती त्याने ऐकली, आणि ग्लोव्ह्ज घट्ट केले. मी उठलो. ब्लेझर खुर्चीवर ठेवला आणि मैदानाला वळसा घालून पलीकडच्या वाळूत गेलो. तिथे मृणालिनी, वैभवी, ममता मॅडम, आणि एका पिकअपवर चढलेले आपले दगडू आणि त्यांच्या गॅरेजचे लियाकतभाई. त्यांनी मला हात देऊन वर ओढलं. पुढे मी जे ओरडलो ते पुण्यात आमच्या घरात कधीच बोललं जात नाही. मला येतं हेच मला माहीत नव्हतं.

शेवटच्या मिनिटाला पेनल्टी. मारायला विघ्नेश. अंकुरने बरोबर बाजू ओळखली, त्याच्या बोटांना चेंडू लागलासुद्धा, आणि तो आत गेला. विघ्नेश सॉरी म्हणाला. शिट्टी वाजली. एक शून्य. आपण हरलो.

पोरं गवतावर बसली. कमरुद्दीन सर उभ्या उभ्या रडत होते. पुडी दगडूंच्या हातात होती, मृणालिनीने ती पर्समधून आणली होती. ते म्हणाले, साहेब, नियम आहे, हरल्यावर फोडली तर पेठ मला गावात घेणार नाही. मी ती त्यांच्या हातातून घेतली. गाठ सुटेना, तेव्हा दातांनी फोडली. सुदेशराव, आपली क्षमा मागत नाही. मी पळत जाऊन पहिली मूठ माझ्या मुलाच्या डोक्यावर टाकली, मग उरलेल्या दहांच्या. वारा होता. मोठ्या शाळेच्या पांढऱ्या जर्स्या, बक्षिसांचं टेबल, माझा शर्ट, सगळं गुलाबी झालं. पाहुण्यांनी कप हातात घेऊन आयोजकांना विचारलं म्हणे, की जिंकलेला संघ हाच ना?

कोचने मला बाजूला घेऊन पुढच्या वर्षी फी पूर्ण भरावी लागेल असं कळवलं. मी खलास म्हणालो. गाडीत अंकुर इंग्रजीत म्हणाला, पप्पा, आय वॉन्ट टु गो बॅक. मी म्हणालो, एप्रिलपासून, इन्शाल्ला. ममता मॅडम घ्यायला तयार आहेत, ब्लेझर आणायचा नाही ही एकच अट. वैभवीने कालपासून मीठ स्वतः मागायला सुरुवात केली आहे. अंकुरने पाच पोळ्या खाल्ल्या, एक आपल्या नावाची.

नियम मोडल्याबद्दल पेठ जी शिक्षा देईल ती मला मान्य आहे. पुढच्या सुट्टीत घरूनच दाढी करून येईन. आपल्या मायेत मलाही थोडी जागा असावी.

आपला,
विजयकुमार

*

कोल्हापूर,
९ मार्च १९९८

चि. विजयराव यांस,
सुदेशचे अनेक आशीर्वाद.

पत्र कट्ट्यावर वाचलं, या वेळी मुद्दाम. पहिल्यांदा भयंकर गोंधळ झाला. हरलेल्या अंगावर पेठेचा गुलाल, तोही पुण्याच्या माणसाने दातांनी फोडून. सतीश सगळ्यांत जास्त ओरडत होता, त्याला तेवढीच संधी.  मी घरी येऊन पेनल्टीचा भाग पुन्हा वाचला. बोटांना लागून आत गेलेले माझे गोल मला अजून आठवतात. जाळ्यातून तो चेंडू काढायला आपलं आपणच वाकावं लागतं.

काल आपल्या तालमीचा सामना होता. तीन शून्यने हरलो. पोरं माना खाली घालून तालमीत शिरली आणि भिंतीला टेकून बसली. गोलकीपर दारातच थांबला, आत येईना. गेल्या वर्षीचं गुलालाचं पोतं कोपऱ्यात पडलं होतं. मी उठलो आणि ते फोडलं.

पहिली मूठ त्या दारातल्या पोराला लावली. लावताना तुमच्या अंकुरचं नाव घेतलं. आज सकाळी सलूनवाल्याकडे गेलो होतो. त्याने बराच वेळ माझ्या गुलाबी कानांकडे पाहिलं, आणि दाढी पूर्ण केली. तेव्हा तुम्ही खुशाल या.

सर्वांना आशीर्वाद. मायेत जागा विचारायची नसते विजयराव, पिकअपवर चढलात तेव्हाच ती झाली.

तुमचा,
सुदेश