गॅलनला अडतीस मैल

मी, एनिड मॉड फॉसेट, कै. सिरिल फॉसेट यांची पत्नी, राहणार हॉब्रिग, केंडलजवळ, परगणा कंब्रिया, आज हे मृत्युपत्र लिहून ठेवत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. डॉक्टरांचा तसा दाखला सोबत जोडला आहे, कारण माझा पुतण्या लायोनेल पुढे नेमका हाच मुद्दा काढील अशी मला दाट शंका आहे. हे मृत्युपत्र मी कोणाच्या धाकाने अथवा लाडीगोडीने करत नाही. लाडीगोडीचा प्रयत्न झाला होता. लायोनेल नुकताच दोनदा केक घेऊन आला, आणि दोन्ही वेळा हात धुवायला म्हणून उठला तो गॅरेजच्या बाजूने गेला. गॅरेजला पाण्याचा नळ नाही. याआधी केलेली माझी सर्व मृत्युपत्रे मी रद्द करते.

कलम पहिले. या मृत्युपत्राची अंमलबजावणी करण्यासाठी मी केंडलचे वकील मिस्टर पेनिंग्टन यांना नेमते. माझा त्यांच्यावर विशेष विश्वास नाही, परंतु त्यांचा लायोनेलवर त्याहून कमी आहे, एवढे मला पुरेसे वाटते. त्यांनी हा कागद माझी मुलगी हेस्टर हिच्यासमोर पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत मोठ्याने वाचावा. मधली पाने तिच्या हाती देऊन ‘बाकीचे सावकाश वाचा’ असे म्हणू नये. ती वाचणार नाही. सिरिलच्या दफनविधीनंतर मी तिला फोनवर हेच सांगू लागले होते, तेव्हा ती म्हणाली, “आई, आता तरी त्याची बाजू घेऊ नकोस,” आणि तिने फोन ठेवला. वकिलाला तसे गप्प करता येत नाही.

कलम दुसरे. हॉब्रिगचे राहते घर, त्यातील सामान आणि बँकेतील शिल्लक हेस्टरला द्यावी. जिन्याखालच्या कपाटाची किल्ली लागत नाही असे लायोनेल म्हणेल. ती लागते, उलटी फिरवावी लागते.

कलम तिसरे. लायोनेलला त्याचे केकचे दोन्ही डबे परत द्यावेत. धुऊन ठेवले आहेत.

कलम चौथे. सिरिलची हत्यारे, म्हणजे नटबोल्टचे सर्व पाने, जॅक आणि दोन्ही कार्ब्युरेटरचा श्वास कानाला लावून ऐकायची ती रबरी नळी, गावच्या पेट्रोल पंपाचे मालक नोएल टायसन यांना द्यावीत. नोएलने मला जी गोष्ट सहज बोलता बोलता सांगितली, तिच्यामुळेच पुढचे सगळे उलगडले. त्याला स्वतःला याचा पत्ता नाही.

कलम पाचवे. दिवाणखान्यातील चांदीचा कप ‘लेकलँड जुन्या स्पोर्ट्स गाड्यांचे मंडळ’ यांना परत करावा, आणि तो मंडळाचे सचिव डेस्मंड ग्रिंडल यांच्याच हातात द्यावा. कपावर ‘रोजच्या वापरातील सर्वांत काटकसरी गाडी’ असे कोरले आहे. मिस्टर ग्रिंडल यांनी त्या वेळी चारचौघांत संशय घेतला होता, की सिरिल दुसऱ्याच कुठल्या तरी पंपावर गुपचूप पेट्रोल भरतो आणि नोएलच्या पंपावर फक्त थोडे भरल्याचे दाखवतो. मिस्टर ग्रिंडल, तुमचा संशय रास्त होता, कारण मात्र चूक होते. सिरिलने दुसरीकडे थेंबभरही भरले नाही. खरे काय ते पुढे लिहिले आहे.

आमची गाडी लाल, दोन आसनांची, सहा सिलिंडरची, कापडी टपाची. लग्नाच्या आधीपासूनची. बाकीचे लोक असल्या गाड्या उन्हाळ्यातल्या रविवारी बाहेर काढतात. सिरिल ती रोज कामाला न्यायचा. खिंड ओलांडून केंडलच्या कागद गिरणीत जायचे आणि यायचे, पावसात, बर्फात, केव्हाही. अशा गाडीच्या पुस्तकात गॅलनला तीस मैल छापलेले असतात. ते कुठल्या सपाट देशात मोजतात ते मोजणाऱ्यांना ठाऊक. थंड इंजिनाला चोक ओढून उठवायचे, ते तापेपर्यंत चढ लागायचा, चढावर दुसरा गिअर, उतारावर ब्रेक. मी पंचवीस वर्षे डावीकडच्या सीटवर बसून पेट्रोलचा काटा खाली येताना पाहिला आहे. उन्हाळ्यात वीस, हिवाळ्यात सोळा-सतरा. याहून जास्त सांगणारा माणूस एक तर खोटे बोलतो, नाहीतर त्याची गाडी उभी असते.

म्हणून एकदा नोएल पंपावर मला म्हणाला, “तुमच्या गाडीला झालंय काय? चिमणीएवढं पिते हल्ली,” तेव्हा मी हसले, पण घरी येईपर्यंत माझे डोके तापले होते. गाडीचा मैल मोजणारा काटा बरीच वर्षे बंद होता. त्यामुळे मंडळाने घर ते गिरणी हे नकाशावरचे अंतर धरले, नोएलने किती पेट्रोल भरले ते सांगितले, आणि हिशेब आला गॅलनला अडतीस. सिरिलने सांगितले की त्याने कार्ब्युरेटरमधल्या, पेट्रोल मापून सोडणाऱ्या सुया घासून बारीक केल्या. लोक त्याला सुया कशा घासायच्या ते विचारायला येऊ लागले. तो गंभीरपणे सांगायचाही. मी चहा द्यायचे आणि त्याच्याकडे पाहत राहायचे.

अडतीस मैल देणारी ती गाडी खिंडीवर जातच नव्हती. मग ती कुठे जात होती?

आमचे घर गावाच्या टोकाला. फाटकातून डावीकडे गेले की गाव आणि मुख्य रस्ता. उजवीकडे फक्त आयडा डॉकरीच्या शेताकडे जाणारी खासगी वाट, तिच्यावर दुसरी वर्दळ नाही. आयडा विधवा, मेंढ्या पाळायची, अंडी विकायची, आणि सबंध खोऱ्यात तिच्याइतके मोकळे हसणारे कोणी नव्हते. मला काय वाटले असेल ते सांगायची गरज नाही. एका सकाळी सिरिल निघाल्यावर मी कुंपण ओलांडून तिच्या शेतावर गेले. कोठाराच्या मागे ताडपत्रीखाली आमची गाडी होती. बॉनेट जेमतेम कोमट.

आयडा हातातली बादली खाली ठेवून उभी राहिली.

“कुठाय तो?” मी विचारले.

“बसमध्ये.”

“कुठल्या बसमध्ये?”

“केंडलच्या. शेतातून पलीकडे उतरतो आणि खालच्या थांब्यावर पकडतो.”

“आयडा, मला लहान पोर समजू नकोस.”

“मग उद्या बसून बघ,” ती म्हणाली. “मी काही बोलणार नाही. त्याला शब्द दिलाय. आणि चहा घेणार असशील तर आत ये.”

मी गेले नाही.

दुसऱ्या दिवशी मी गावातून बस धरली आणि ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसले, डोक्याला रुमाल बांधून. बस खालच्या थांब्यावर थांबली. सिरिल चढला, तिकीट घेतले, आणि आत वळला. त्याचा कोट माझ्या गुडघ्याला घासला. तोंड लपवायचे मला सुचलेच नाही. मी सरळ त्याच्याकडे बघत होते. तो पुढे गेला आणि खिडकीशी जाऊन बसला.

आधी मला राग आला, की हा ओळखसुद्धा दाखवत नाही. मग मी उठून त्याच्या शेजारी, त्याच्या डाव्या हाताला जाऊन बसले. त्याने जेवणाचा डबा मांडीवर ओढून घेतला आणि समोरच बघत म्हणाला, “बसा ना, जागा आहे.”

आपल्या बायकोला.

माझा राग कुठच्या कुठे गेला आणि त्या जागी भीती आली. थोड्या वेळाने मी म्हणाले, “सिरिल, गाडी किती देते म्हणालास गॅलनला?”

तो दचकला नाही. पूर्ण मान फिरवून त्याने मला शोधले, पक्षी बघतो तसे. मग म्हणाला, “ही? ड्रायव्हरला विचारावं लागेल.”

खिंड चढेपर्यंत त्याने सगळे सांगितले. वसंतात त्या खासगी वाटेच्या तोंडाशी आयडाची एक मेंढी डावीकडून आली, आणि चाकाखाली धक्का बसेपर्यंत त्याला ती दिसली नव्हती. आयडाने पाहिले. मेंढीबद्दल ती काही बोलली नाही. त्याच्या डाव्या बाजूला उभी राहून तिने हात हलवला आणि विचारले, “किती बोटं?” त्याने विचारले, “कसली बोटं?” मग तिनेच त्याला जेवणाच्या सुट्टीत डोळे तपासायला धाडले. मेंदूत बारीकशी गुठळी होऊन गेली होती. दोन्ही डोळ्यांची डावी बाजू गेली होती ती परत येणार नव्हती, आणि गाडी चालवायला मनाई होती. आयडा म्हणाली, रस्त्यावर दिसलास तर मी स्वतः पोलिसांना सांगेन. माझ्या वाटेवर माझ्या कोठारापर्यंत आण, त्यापुढे नाही. ती रोज सकाळी फाटकाशी येऊन गाडीच्या पुढे चालायची, संध्याकाळी कोठारापासून फाटकापर्यंत. पेट्रोल तो नोएलकडून डब्यात आणायचा, आणि हिशेब अगदीच अशक्य दिसू नये म्हणून त्यातले बरेचसे आयडाच्या ट्रॅक्टरला द्यायचा.

“मला का नाही सांगितलंस?” मी म्हणाले.

“तू डावीकडे बसतेस,” तो म्हणाला. “मला आधी तूच दिसेनाशी झालीस. ते कसं सांगायचं?”

त्याच आठवड्यात मी गाडीची किल्ली माझ्याकडे घेतली. पंचवीस वर्षांत त्याने मला त्या गाडीला हात लावू दिला नव्हता. तो डाव्या सीटवर गेला आणि मी त्याच्या उजवीकडे आले, आणि त्याला पुन्हा दिसू लागले. रोज त्याला गिरणीत सोडायचे, संध्याकाळी आणायचे, तो निवृत्त होईपर्यंत. गाडीने अर्थातच पुन्हा खरे बोलायला सुरुवात केली. गॅलनला अठरा.

मंडळाच्या वार्षिक जेवणाला मिस्टर ग्रिंडल उभे राहून म्हणाले, “सिरिलच्या पायाला पिसं होती, मिसेस फॉसेटच्या पायाला शिसं आहे.” सगळे टेबल हसले. मी भाजलेल्या बटाट्याचे तुकडे करत राहिले. सिरिलने ताटातून मान वर केली नाही. मिस्टर ग्रिंडल, तो कप मी आजवर रोज पुसला आहे. आता तुम्ही पुसा.

आता जे लिहिते ते हेस्टरसाठी. मिस्टर पेनिंग्टन यांनी सावकाश वाचावे.

हेस्टर, तू तेव्हा केंडलच्या ग्रंथालयात होतीस. तू आयडाकडे अंडी आणायला गेलीस आणि ताडपत्रीखालची गाडी पाहिलीस. एकदा नाही, पुन्हा गेलीस आणि पुन्हा पाहिलीस. संशय घेणे तू माझ्याकडूनच उचललेस, त्याबद्दल मी तुला बोल लावत नाही. मी बसने जाऊन आले त्यानंतरच्या रविवारी तू जेवणाच्या टेबलावर विचारलेस, “बाबा, आयडाच्या कोठारामागे गाडी काय करते?”

त्याने मीठ ओढून घेतले.

“आईसमोर सांग ना.”

मी तोंड उघडले. त्याने टेबलाखाली माझे मनगट असे दाबले की वळ उठला. “तुला जे वाटायचं ते वाटू दे,” तो तुला म्हणाला. तू कोट घेतलास आणि गेलीस. पुढे आयर्लंडला गेलीस. मी गाडी चालवू लागले तर तू नाताळच्या कार्डात लिहिलेस, की पाळत ठेवण्यापेक्षा त्याला सोडून का देत नाहीस.

तू गेलीस त्या दुपारी मी त्याच्याशी भांडले. तो म्हणाला, “रंगेल म्हातारा म्हटलं तरी चालेल मला. आंधळा म्हातारा नको.” आणि तो जिवंत असेपर्यंत कोणाला सांगणार नाही असे माझ्याकडून वदवून घेतले. मला ते पटले नव्हते, आजही पटत नाही. पण नवरा माझा होता आणि डोळे त्याचे होते. दफनविधीला तू सर्वांत मागे उभी राहिलीस आणि आयडा फाटकाबाहेर. तुझ्यामुळे ती आत आली नाही.

तू गेल्यावर गावातल्या बायकांनी आयडाची अंडी घेणे बंद केले. तिने एकीलाही खुलासा दिला नाही.

कलम सहावे. आमच्या घरामागची कुरणाची पट्टी, जी आयडाच्या शेताला लागून आहे, ती आयडा डॉकरी हिला द्यावी. ती नको म्हणेल. तरी द्यावी.

कलम सातवे. गाडी. लायोनेलला तिच्यातले इंजिन काढून विजेची मोटर बसवायची आहे असे तो सांगतो. ती विकायची आहे असे मला वाटते. गाडी हेस्टरला द्यावी. गाडीच्या डिस्ट्रिब्युटरमधला रोटर मी काढून मिस्टर पेनिंग्टन यांच्याकडे सीलबंद दिला आहे. त्याशिवाय इंजिन सुरू होणार नाही, तेव्हा लायोनेलने पुन्हा हात धुवायला जाऊ नये.

हेस्टर, माझ्या शब्दावर तू विश्वास ठेवणार नाहीस. मीही ठेवला नसता. म्हणून तू स्वतः मोज. नोएलकडे टाकी काठोकाठ भर. सकाळी इंजिन थंड असताना निघ, खिंड ओलांडून गिरणीच्या फाटकापर्यंत जा आणि परत ये. असे आठवडाभर कर आणि पुन्हा काठोकाठ भर. तुला वीसच्या वर आकडा मिळाला तर मी खोटारडी. मिळणार नाही. मग विचार कर: अडतीस देणारी गाडी खिंडीवर गेलेली नाही, पण तुझा बाप गिरणीत एकदाही उशिरा पोचला नव्हता. त्याच वर्षी, तू जायच्या थोडे आधी, गिरणीने त्याला त्याबद्दलच घड्याळ दिले, तेव्हा तू टाळ्या वाजवल्या होत्यास. गाडी दिवसभर आयडाकडे उभी होती. तो नव्हता.

आकडा हाती आला की गाडी फाटकातून उजवीकडे घे आणि आयडाच्या दारात थांब. ती हल्ली फारशी उठत नाही, पण चहाला बोलावील.

आत जा.

वरील मजकूर मी स्वतः वाचला आहे, तो माझ्याच मनातला आहे, आणि खाली नावे असलेल्या दोघांच्या देखत मी त्यावर सही करत आहे. या दोघांना या मृत्युपत्रातून काहीही मिळत नाही. त्यांचे एकमेकांशी पटत नाही, म्हणूनच त्यांना बोलावले आहे. दोघे मिळून काही फिरवाफिरव करतील ही शक्यता नाही.

सही: एनिड मॉड फॉसेट

साक्षीदार: १. ऑलिव्ह रिगबी, चर्चच्या ऑर्गनवादक, हॉब्रिग
२. हंफ्री टॅलंटायर, निवृत्त दंतवैद्य, हॉब्रिग

स्थळ: हॉब्रिग
दिनांक: १४ ऑक्टोबर २००९