एकवीस चुका

प्रिय धाकट्या,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र चार दिवस न फोडता ठेवशील, मला ठाऊक आहे. आई गेल्यापासून नऊ वर्षं आपण एकमेकांना एक ओळ लिहिलेली नाही. तू अजून त्याच शाळेत आहेस, हेही मला आत्याकडून कळलं. पण आमच्या ऑफिसात असं काही झालंय, की तुला सांगितल्याशिवाय चैन पडणार नाही. आधी पत्त्याखालचे ते सहा आकडे बघ.

देशातल्या प्रत्येक टपाल ऑफिसला असा कोड द्यायचं घाटतंय. द्यावा की नाही यावर वर समिती बसली आहे. कोडची पुस्तकं छापायची, माणसं शिकवायची, यंत्रं आणायची, म्हणजे खर्च दांडगा. त्यात लोकांचा राग वेगळाच. समोरच्या निवृत्त मुख्याध्यापिकाबाई खिडकीशी येऊन म्हणाल्या, मला नंबर द्यायला मी काय कैदी आहे? उलट अँब्युलन्सचा ड्रायव्हर खूश. त्याला वाटतं, पत्ता नीट झाला तर पेशंट शोधत गल्लोगल्ली फिरावं लागणार नाही. मी मात्र नाकाने कांदे सोलत होतो. तीस वर्षं नुसत्या नजरेने पत्रं गावागावाच्या खणात लावणाऱ्याला आकडे शिकवणार? आणि खरं सांगू, भीतीही होती. यंत्र आलं की माझ्या डोक्यातल्या गावांना कोण विचारतो?

मग मॅडमनी चाचणी लावली. मॅडम म्हणजे आमच्या नव्या पोस्टमास्तर, वयाने तुझ्या वहिनीपेक्षाही लहान. दोन टेबलं. एकावर मी, माझ्या आठवणीच्या भरवशावर. दुसऱ्यावर दोन महिन्यांपूर्वी लागलेली मुलगी, चाचणीपुरतं आलेलं कोडचं पुस्तक उघडून. एक आठवडा, सारखीच पत्रं. मी तिच्या दुप्पट वेगाने लावली, अगदी शीळ घालत. शनिवारी चुका मोजल्या. तिच्या चार, माझ्या एकवीस! सगळं ऑफिस गालातल्या गालात हसत होतं. चहासुद्धा मला त्या दिवशी शेवटी मिळाला.

लाज वाटली, पण त्याहून जास्त कुतूहल वाटलं. तुला माहीतच आहे, घड्याळ बंद पडलं की मी ते उघडून बसतो. एकवीसमधली एकोणीस पत्रं एकाच खणात सापडली. घोडं तिथेच पेंड खात होतं. तुझ्या खाणीच्या गावाच्या नावाचंच दुसरं गाव नदीकाठी आहे, कॉलेजचं. आमची जुनी रीत अशी, की नावापुढे मास्तर, प्राध्यापक, डॉक्टर असं काही दिसलं की पत्र नदीकाठी, बाकी सगळी खाणीकडे. मला हे माझ्या गुरूंनी शिकवलं, त्यांना त्यांच्या गुरूंनी. खाणीवर शाळाच नव्हती, तेव्हा ते बरोबर होतं. शाळा झाली, तू बदलून तिथे गेलास, हे माझ्या डोक्याला कळलं. हाताला कुणी सांगितलंच नाही.

मॅडमनी नदीकाठच्या ऑफिसला फोन केला. तिथला पोस्टमन म्हणाला, माणूस सापडला नाही आणि पाठवणाऱ्याचा पत्ताही नसला, तर पत्र आम्ही कपाटात ठेवतो, कुणी विचारायला येईल म्हणून. सोमवारी ते सगळं कपाट एका थैलीतून आमच्याकडे आलं. कोड टाकून पत्रं मार्गी लावायचं काम माझ्याकडे दिलं. मीही समितीला लिहून कळवलं, खर्च होईल तो होवो, पण कोड आणाच.

धाकट्या, त्या थैलीत माझ्या अक्षरातलं एक पाकीट होतं. तुझ्या नावापुढे मी कौतुकाने ‘मास्तर’ लिहिलं होतं, आणि घरच्याच माणसाला कशाला म्हणून माझा पत्ता घातला नव्हता. तुझ्या बदलीला तेव्हा महिनाच झाला होता. तार करायची सोडून मी पत्र टाकलं, कारण आपलं टपाल दोन दिवसांत पोहोचतं याचा मला गर्व होता. आत एवढंच होतं, ‘आई तुझं नाव घेतेय, असशील तसा नीघ.’ पत्र टाकल्यावर बारा दिवसांनी, आई गेल्याचं आत्याकडून कळून तू आलास आणि दारात उभा राहून विचारलंस, मला कळवलं का नाहीस? आणि मी सगळ्यांसमोर म्हणालो, ढोंग पुरे. तू खरं बोलत होतास. पत्र माझ्याच हाताने चुकीच्या खणात टाकलं होतं. मला माफ कर, असं म्हणायचाही धीर होत नाही, तरी म्हणतो. पण हे सगळं लिहिलं ते एका गोष्टीसाठी. आई तुझ्यावर रुसून गेली, असं मी तुला त्या दिवशी रागाने सांगितलं होतं. ते खोटं होतं. दाराची कडी वाजली की ती विचारायची, आणि मी सांगायचो, पत्र पोहोचलंय, तो निघालाय. तिचा त्यावर शेवटपर्यंत विश्वास होता. शेवटच्या दुपारी तिने मला तुझं अंथरूण घालून ठेवायला सांगितलं.

तुझाच,
दादा